टेकडीवरचा पाहणारा : ब्रिटिश सामाजिक वास्तववादी चित्रपट आणि तंजावरची कुरवंजी

१

ज्या कलाप्रकाराला आपले संकेत दिसू द्यायचे नसतात, त्या प्रकाराचे संकेत शोधणे हे समीक्षेचे अधिक अवघड काम असते. लावणी, कीर्तन किंवा संगीत नाटक यांचे संकेत श्रोत्याला आणि प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असतात. किंबहुना ते ठाऊक असणे हा आस्वादाचाच एक भाग असतो. सामाजिक वास्तववाद मात्र आपल्याला संकेत नाहीत, असे सांगतच अवतरतो. जीवन जसे आहे तसे दाखविणे एवढेच आपले प्रयोजन असल्याचे तो भासवितो. अशा प्रकाराचा संकेतव्यूह उलगडायचा असेल, तर संकेत उघडपणे मिरविणाऱ्या एखाद्या दूरच्या प्रकाराशेजारी तो ठेवून पाहणे उपयुक्त ठरते. प्रस्तुत निबंधात १९५९ नंतरच्या ब्रिटिश सामाजिक वास्तववादी चित्रपटाशेजारी तंजावरच्या राजवाड्याशी निगडित असलेली कुरवंजी ठेवली आहे, आणि या दोहोंच्या उजेडात नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या मराठी चित्रपटाकडे पाहिले आहे.

या तिन्हींमध्ये प्रभावाचा संबंध नाही आणि तो येथे सुचवायचाही नाही. प्रभावाचा शोध हा तौलनिक अभ्यासाचा एक मार्ग आहे, एकमेव मार्ग नाही. परस्परांना न ओळखणारे दोन प्रकार एकाच कलात्मक अडचणीला कसे सामोरे जातात, हेही तौलनिकतेचेच क्षेत्र होय. येथील अडचण अशी : समाजाच्या तळाशी असलेल्या माणसाला रंगभूमीवर किंवा पडद्यावर आणताना पाहण्याची जागा कोणाकडे राहते?

या प्रश्नाला मराठी नाट्येतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. तंजावरच्या मराठी नाटकांची चर्चा आपल्याकडे मुख्यतः कालानुक्रमाच्या वादात अडकली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत सादर केलेले 'सीतास्वयंवर' पहिले, की त्याआधी सुमारे दीड शतक शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४ ते १७१२) दरबारात लिहिले गेलेले 'लक्ष्मीनारायणकल्याण' पहिले, या प्रश्नाभोवती बरीच शाई खर्च झाली. त्यामुळे तंजावर हे मराठी नाटकाच्या इतिहासातील एक सनावळीचे स्थान होऊन बसले. तेथील नाट्यप्रकारांनी कोणते प्रश्न उभे केले, याचा विचार मागे पडला. राजवाड्यातील नाटक म्हणजे केवळ दरबारी विलास, असा समजही त्यातूनच पक्का झाला.

२

ब्रिटिश सामाजिक वास्तववादाची ठळक लक्षणे सर्वपरिचित आहेत. १९५६ ते १९५९ या काळात लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये 'फ्री सिनेमा' या नावाने लघुपटांचे खेळ झाले. त्यांतील लिंडसे अँडरसन, कॅरेल राइस आणि टोनी रिचर्डसन हे दिग्दर्शक लवकरच कथापटांकडे वळले. जॅक क्लेटन यांचा 'रूम ॲट द टॉप' (१९५९), राइस यांचा 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग' (१९६०), रिचर्डसन यांचा 'अ टेस्ट ऑफ हनी' (१९६१), जॉन श्लेसिंजर यांचा 'अ काइंड ऑफ लव्हिंग' (१९६२) आणि अँडरसन यांचा 'धिस स्पोर्टिंग लाइफ' (१९६३) या चित्रपटांनी एक प्रकार सिद्ध केला. इंग्लंडच्या मध्य व उत्तर भागातील औद्योगिक शहर, कामगार कुटुंबातील तरुण नायक, प्रांतिक बोली, प्रत्यक्ष स्थळी केलेले चित्रीकरण, कारखाना, दारूचा गुत्ता, जत्रेतले पाळणे, कालव्याचा काठ, नको असलेली गर्भधारणा किंवा मनाविरुद्धचे लग्न, आणि शेवटी बंडापेक्षा तडजोडीकडे झुकणारा विराम, असा त्याचा साचा होय. एकेका चित्रपटात जे जीवनातून थेट उचललेले वाटते, ते पाच चित्रपट एकापाठोपाठ पाहिले की संकेत म्हणून ओळखू येते.

या संकेतांपैकी एक संकेत येथे केंद्रस्थानी घ्यायचा आहे. कथानक मध्येच थांबते, पात्रे शहराबाहेरच्या उंचवट्यावर जातात आणि खाली पसरलेले धुरांड्यांचे, एकसारख्या घरांच्या रांगांचे शहर दिसते. अँड्र्यू हिग्सन यांनी 'स्क्रीन' या नियतकालिकातील १९८४ च्या निबंधात या दृश्याची चिकित्सा केली आणि तेव्हापासून टेकडीवरून घेतलेले शहराचे दूरदृश्य हे या प्रकाराची जणू मुद्रा मानले जाते. या दृश्याची कथेला फारशी गरज नसते. वास्तवाचा पुरावा म्हणून ते येते आणि सौंदर्यवस्तू होऊन जाते. गल्लीत राहणाऱ्याला गल्ली अशी दिसत नाही. ती अशी दिसण्यासाठी गल्लीबाहेर पडावे लागते. टेकडीवरचे दृश्य म्हणूनच नायकाचे कमी आणि कॅमेऱ्याचे अधिक असते.

या चित्रपटांच्या निर्मितीकडे पाहिले, तर या दुभंगाला आणखी एक बाजू आहे. ॲलन सिलिटो, शेलाग डिलेनी, स्टॅन बार्स्टो, डेव्हिड स्टोरी हे मूळ लेखक स्वतः कामगार घरांतून आलेले होते. अँडरसन, रिचर्डसन आणि श्लेसिंजर ऑक्सफर्डमध्ये, तर राइस केंब्रिजमध्ये शिकलेले. शब्द खालून आले, दृष्टी वरून आली, असे म्हटले तर ते काहीसे सरधोपट होईल, पण अगदी चुकीचे ठरणार नाही. 'रूम ॲट द टॉप' या शीर्षकातच उंची हे वर्गाचे माप झालेले आहे.

उंचीचा हा प्रश्न केवळ कॅमेरा कोठे उभा आहे, एवढ्यापुरता नाही. बोलण्याचा हक्क कोणी दिला, हाही त्याचाच भाग आहे. आर्थर एल्टन आणि एडगर ॲन्स्टी यांचा 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' (१९३५) हा माहितीपट या दृष्टीने मूळ पुरुषासारखा आहे. झोपडवस्तीतील रहिवासी त्यात कॅमेऱ्याकडे तोंड करून, स्वतःच्या बोलीत, उंदरांविषयी आणि पडक्या जिन्यांविषयी बोलतात. ही मोठीच गोष्ट होती. परंतु या पटाला पैसा पुरविला होता ब्रिटिश कमर्शियल गॅस असोसिएशनने, आणि नव्या घरांत गॅसवर चालणारी उपकरणे जाणार होती. रहिवाशांची साक्ष खरी होती; तिला लाभलेली चौकट मात्र आश्रयदात्याच्या सोयीची होती. साक्ष खरी असल्यामुळे चौकट निर्दोष ठरत नाही, आणि चौकट हेतुपूर्ण असल्यामुळे साक्ष खोटी ठरत नाही. पुढील सर्व विवेचनात या दोन्ही बाजू एकत्र धरून ठेवणे आवश्यक आहे.

रेमंड विल्यम्स यांनी वास्तववादाची चर्चा करताना सामाजिक विस्तार हे त्याचे एक प्रमुख लक्षण मानले : ज्यांना गंभीर नाट्यात स्थान नव्हते, अशा थरांतील माणसे कथेच्या केंद्राकडे येऊ लागतात. अठराव्या शतकातील इंग्रजी मध्यमवर्गीय नाटकात त्यांना या विस्ताराचा आरंभ दिसतो. त्याच अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तमिळ प्रदेशात कुरवंजी बहराला आली होती आणि तिच्यात डोंगरातील एक भटकी भविष्य सांगणारी बाई रंगभूमीच्या मध्यभागी उभी होती, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने नजरेआड करण्यासारखी नाही.

३

कुरवंजीचा आराखडा बहुतेक संहितांत ठरलेला असतो. देवाची अथवा राजाची मिरवणूक निघते. उच्चकुलीन नायिका ती पाहते आणि नायकावर अनुरक्त होते. ती चेंडू खेळते, विरहाने झुरते, चंद्राला दोष देते, सखीला निरोप घेऊन पाठविते. येथवर सारे शृंगारकाव्याच्या परिचित वाटेने जाते. मग कुरत्ती येते. कुरवर या भटक्या जमातीतील ही बाई टोपली आणि काठी घेऊन प्रवेश करते. आपल्या डोंगराचे, त्यावरच्या झऱ्यांचे आणि प्राण्यांचे वर्णन करते. आपण पालथ्या घातलेल्या मुलखांची नावे घेते. नायिकेचा हात पाहून तिच्या मनातील पुरुषाचे नाव सांगते आणि दागिन्यांचे बक्षीस घेऊन जाते. यानंतर तिचा नवरा येतो. तो पारधी, पक्ष्यांसाठी जाळे लावतो आणि हरवलेल्या बायकोला शोधत फिरतो. ती भेटते तेव्हा तिच्या अंगावरचा एकेक दागिना पाहून तो संशयाने प्रश्न विचारतो, ती चतुर उत्तरे देते आणि शेवट गोड होतो.

कुरत्तीच्या डोंगरवर्णनाला तमिळ परंपरेत 'मलैवळम' आणि देशवर्णनाला 'नाट्टुवळम' म्हणतात. ब्रिटिश चित्रपटातील टेकडीवरच्या दृश्याशी याची तुलना येथून सुरू होते. दोन्हींत कथा थांबते आणि भूभाग पसरून दाखविला जातो. दोन्हींत भूभागाचे दर्शन हे त्या प्रकाराचे ओळखचिन्ह आहे. परंतु एक मूलभूत भेद आहे. चित्रपटात उंचावर उभा राहून पाहणारा कथेबाहेरचा आहे. कुरवंजीत उंचावरून आलेली, म्हणून पाहू शकणारी व्यक्ती हीच समाजात सर्वांत खालची मानलेली आहे. महालातील नायिकेला तिचा महाल आणि मिरवणुकीचा रस्ता एवढेच ठाऊक. मुलूख कुरत्तीला ठाऊक. संकेताने का होईना, पाहण्याची जागा कुरत्तीला मिळाली आहे.

तंजावरच्या संदर्भात या संकेताला आणखी एक अर्थ येतो. तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. सपाट भातखाचरे, कालवे आणि नारळीची झाडे यांच्या या मुलखात डोंगर नाही. नायकांनी उभारलेल्या आणि भोसल्यांनी वाढविलेल्या राजवाड्याचे उंच मनोरे आणि बृहदीश्वराचे विमान, हीच येथील शिखरे. एक राजाचे, एक देवाचे. कुरत्ती ज्या डोंगरावरून आली, तो डोंगर तंजावरच्या प्रेक्षकाला दिसणारा नव्हता. तो तिच्या गाण्यातच होता. म्हणजे ज्या नगरात प्रत्यक्ष उंची राजसत्तेची आणि देवसत्तेची होती, तेथे कुरत्तीची उंची केवळ शब्दाची होती. ती तिला देणारा कवी होता आणि कवीला आश्रय देणारा राजा होता.

शिवक्कोळुंदु देशिकर यांची 'सरभेंद्र भूपाल कुरवंजी' ही तमिळ रचना याचे चांगले उदाहरण आहे. सरभेंद्र भूपाल म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२). नायिका ज्याच्यासाठी झुरते तो नायक राजाच आहे, आणि कुरत्ती जे नाव तळहातावरून वाचते ते त्याचेच आहे. भटक्या स्त्रीच्या अंतर्ज्ञानाचा शेवट राजनामाच्या उच्चारात होतो. ही कुरवंजी बृहदीश्वराच्या मंदिरात देवदासी सादर करीत आणि ती परंपरा विसाव्या शतकापर्यंत टिकली होती. कुरत्तीची भूमिका करणारी स्त्री कुरवर जमातीतील नसे. प्रत्यक्ष जीवनातील व्यक्तीच पडद्यावर आणावी, हा पुढे ब्रिटिश चित्रपटाने स्वीकारलेला आग्रह येथे संभवतच नव्हता.

४

सरफोजींच्या नावावर असलेली मराठी 'देवेंद्र कुरवंजी' ही या परंपरेतील सर्वांत विलक्षण कृती होय. राजवाड्याच्याच आवारात असलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ती मुद्रित स्वरूपात प्रसिद्ध केली आहे. प्रकाराची चौकट तीच. परंतु कुरवंजी जे देशवर्णन करते, ते डोंगराचे आणि आसपासच्या मुलखाचे राहत नाही. ती पृथ्वीचा भूगोल गाते. युरोपीय विद्येतून आलेले खंडांचे आणि देशांचे ज्ञान मराठी पदांत बसवून तिच्या मुखी घातले आहे.

यामागील विद्याव्यवहार ज्ञात आहे. सरफोजींचे शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्ट्झ आणि नंतर गेरिके यांच्या देखरेखीखाली झाले. त्यांनी नव्या विद्यांसाठी शाळा काढल्या, देवनागरी छापखाना चालविला, इसापनीतीचे मराठी रूपांतर छापविले, ग्रंथसंग्रह वाढविला. जगाचा भूगोल गाण्यातून शिकविण्याची कल्पना या उद्योगाशी सुसंगतच आहे. भटकंती करणारी, नाना मुलूख पाहिलेली कुरत्ती ही भूगोलाची स्वाभाविक निवेदक ठरते. प्रकाराच्या जुन्या संकेताचा हा अत्यंत कल्पक उपयोग होय. शिक्षणाच्या इतिहासकाराने या कृतीचे कौतुक केले, तर ते योग्यच आहे.

परंतु या कृतीमागे एक राजकीय तारीखही आहे. १७९९ च्या तहाने तंजावरच्या राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला व त्याभोवतालचा थोडा परिसर उरला. ज्याच्या अधिकाराची सीमा किल्ल्याच्या तटापाशी थांबली होती, त्या राजाने साऱ्या पृथ्वीचे वर्णन रचावे, यात विद्याप्रेम जसे आहे तसे एक प्रकारचे भरपाईचे राजकारणही आहे. हातून गेलेल्या मुलखाच्या जागी ज्ञानातील मुलूख आला. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख भूतकाळाच्या बाबतीत जे करतो, तेच 'देवेंद्र कुरवंजी' अवकाशाच्या बाबतीत करते.

या व्यवहारात कुरत्तीचे काय होते? एका अर्थाने तिची उंची कमालीची वाढते. राजाच्या पाठशाळेतील सर्वांत नवी विद्या तिच्या जिभेवर आहे. दुसऱ्या अर्थाने तिची उरलीसुरली उंचीही जाते. जुन्या कुरवंजीत तिने जो डोंगर गायिला तो निदान तिचा होता. त्यावरचा मध, कंद, माकडे, झरे यांच्याशी तिच्या उपजीविकेचा संबंध होता. पृथ्वीच्या खंडांशी असा संबंध नाही. ज्ञान राजाचे, छंद कवीचा, आवाज तिचा. 'हाउसिंग प्रॉब्लेम्स'मधील रहिवाशांशी तुलना केली, तर फरक लगेच दिसतो. त्यांच्या साक्षीला आश्रयदात्याची चौकट असली तरी साक्षीतला उंदीर त्यांच्याच घरातला होता. येथे साक्षीतील आशयही आश्रयदात्याचाच आहे. पाहण्याची जागा तिला दिली आणि पाहायचे काय हे मात्र ठरवून ठेवले, असा हा प्रकार आहे.

म्हणून सामाजिक विस्तार या कसोटीला एक उपकसोटी जोडणे आवश्यक वाटते. तळचे माणूस कलाकृतीत आले का, एवढे विचारून भागत नाही. ते बोलते का, हेही पुरेसे नाही. ते ज्या गोष्टीचे जाणकार म्हणून बोलते, ती गोष्ट त्याच्या जगण्यातून आलेली आहे का, हा खरा प्रश्न आहे.

५

ही उपकसोटी नीट तपासायची तर पक्ष्याचे उदाहरण घ्यावे. कुरवंजीतील पारधी जाळे टाकतो तेव्हा पक्ष्यांची नावे, त्यांच्या सवयी, जाळे बांधण्याच्या रीती यांचे तपशील येतात. हे ज्ञान खरोखर त्याच्या व्यवसायाचे आहे. परंतु प्रकाराचा संकेत त्याला त्या ज्ञानात टिकू देत नाही. बायकोच्या आठवणीने त्याचे लक्ष उडते, पक्षी निसटतात, सोबती हसतात. श्रमाचे ज्ञान विनोदात आणि शृंगारात विरघळते. प्रेक्षकाला त्याची गंमत वाटते. पक्षी गेला म्हणजे त्या रात्रीचे जेवण गेले, ही बाब संहितेच्या हिशेबात येत नाही.

केन लोच यांचा 'केस' (१९६९) हा चित्रपट येथे उपयोगी पडतो. बॅरी हाइन्स यांच्या १९६८ च्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटातील बिली कॅस्पर हा यॉर्कशरमधील बार्न्सली या खाणींच्या गावातला मुलगा ससाण्याच्या जातीचे एक पिलू पकडतो आणि त्याला शिकवितो. शाळेत तो कुचकामी ठरलेला आहे. एका तासाला शिक्षक त्याला वर्गासमोर उभे करतात आणि पक्षी कसा माणसाळवला ते सांगायला लावतात. अडखळत सुरू झालेला बिली हळूहळू पारिभाषिक शब्द वापरू लागतो, फळ्यावर ते लिहून दाखवितो, आणि वर्ग गप्प होऊन ऐकतो. या प्रसंगात टेकडी नाही, दूरदृश्य नाही. चार भिंतींच्या खोलीत, ज्याला काही येत नाही असे ठरले होते, तो मुलगा जाणकाराच्या जागी उभा आहे, आणि त्याचे ज्ञान त्याचे स्वतःचे आहे. बिलीची भूमिका करणारा डेव्हिड ब्रॅडली हा व्यावसायिक नट नसलेला, बार्न्सलीचाच मुलगा होता, ही माहिती या प्रसंगाच्या परिणामाशी असंबद्ध नाही. पुढे भावाने सूडापोटी पक्षी मारल्यावर जे नष्ट होते, ती करमणूक नसते. ती बिलीची एकमेव विद्या असते. ब्रिटिश सामाजिक वास्तववाद आपल्या टेकडीवरून खाली उतरला, तो अशा ठिकाणी.

६

'फँड्री'मध्ये डोंगर, मिरवणूक, पक्षी आणि प्रेमाचे भाकीत ही कुरवंजीची चारही द्रव्ये आढळतात, आणि ती जवळजवळ उलटी मांडलेली आहेत. हा योगायोग आहे. परंतु त्याला एक भाषिक आधारही आहे, तो नोंदवायला हवा. जब्याचे कुटुंब कैकाडी आहे आणि चित्रपटाचे शीर्षक हा डुक्कर या अर्थाचा कैकाडी शब्द आहे. कैकाडी बोली द्रविड कुळातील असून ती तमिळच्या निकटची आहे. भाषाभ्यासक तिला येरुकला आणि कोरवा या बोलींच्या गटात ठेवतात, आणि वसाहतकालीन जातिनोंदींतही कोरवा, येरुकला व कैकाडी ही नावे एकमेकांशेजारी येतात. तंजावरच्या रंगभूमीवर जिच्या मुखी पृथ्वीचा भूगोल घातला गेला, ती कुरत्ती आणि महाराष्ट्रातील गावकुसाबाहेर टोपल्या विणणारा, डुकरे पकडणारा कैकाडी हे दूरचे सोयरे आहेत. १८७१ च्या आणि १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी या जमातींतील अनेक गटांना जन्माने गुन्हेगार ठरविले. तो शिक्का कायद्याने पुसला गेला तो १९५२ मध्ये. म्हणजे बृहदीश्वराच्या मंदिरात देवदासी कुरत्तीचा वेश घेऊन डोंगर गात होत्या, त्याच काळात त्याच इलाख्यात कोरवांच्या काही गटांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागत होती. साहित्यप्रकाराने दिलेली उंची आणि कायद्याने दिलेला शिक्का एकाच वेळी नांदू शकतात. रंगभूमीवरील प्रतिष्ठेवरून समाजातील स्थानाचे अनुमान काढू नये, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. कैकाडी जीवनाने मराठीत स्वतःच्या तोंडाने बोलण्यास लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनाची वाट पाहावी लागली.

जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो. ती पकडून, जाळून तिची राख शालूवर टाकली की शालू वश होईल, असे त्याला सांगण्यात आले आहे. कुरवंजीत कुरत्ती उच्चकुलीन नायिकेला प्रेमसिद्धीचे भाकीत सांगते आणि ते खरे ठरते. येथे त्याच कुळीतला मुलगा स्वतःसाठी भाकीत मागतो आणि पक्षी त्याच्या हाती येत नाही. कुरवंजीत मिरवणुकीतील नायकाला नायिका पाहते. 'फँड्री'तील जत्रेत नवे कपडे घालून जब्या नाचतो, ते शालूने पाहावे म्हणून. तेवढ्यात बापाच्या सांगण्यावरून त्याला डोक्यावर गॅसबत्ती धरावी लागते. तो उजेड धरतो आणि मिरवणूक दुसऱ्यांची असते. अनुरागाचा जुना संकेत येथे जातीच्या कड्यावर आपटून फुटतो.

डुक्कर पकडण्याचा दीर्घ प्रसंग हा या चित्रपटाचा गाभा. कुरवंजीतील पारध्याच्या प्रवेशाप्रमाणेच येथे श्रम हे इतरांचे मनोरंजन झाले आहे. गाव जमते, शाळेतील मुले जमतात, सामना पाहावा तशा आरोळ्या उठतात. फरक असा की येथे कॅमेरा हसणाऱ्यांत सामील होत नाही. शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा धावते कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि हाती आलेले डुक्कर निसटते. कुरवंजीत पक्षी निसटतो तो विरहामुळे. येथे डुक्कर निसटते ते नागरिकत्वाच्या शिस्तीमुळे. पकडलेले जनावर बांबूला बांधून नेताना मागे भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. शहराचे दूरदृश्य येथे पुरावा म्हणून येत नाही. भिंत पुरावा होते, आणि ती दूरवर नसून हातभर अंतरावर आहे.

तुलनेचा शेवटचा दुवा म्हणजे दोन दगड. 'सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग'च्या अखेरीस नॉटिंगहॅमचा आर्थर सीटन आपल्या वाग्दत्त वधूसह एका उतारावर बसलेला असतो. खाली नव्या घरांची वसाहत उभी राहत आहे. लग्नानंतर अशाच एखाद्या घरात तिला राहायचे आहे. आर्थर त्या घरांच्या दिशेने दगड भिरकावतो आणि थोड्या वेळाने दोघे उतार उतरून निघून जातात. दगड वरून खाली जातो, कोणाला लागत नाही, आणि फेकणारा स्वतः त्याच घरांकडे चालू लागतो. टेकडीवरच्या दृश्याची ही स्वाभाविक परिणती होय. बंडालाही तेथे देखाव्याचे रूप येते.

'फँड्री'च्या शेवटी डिवचणाऱ्या मुलांवर जब्या दगड फेकतो आणि अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. पडदा काळा होतो. हा दगड खालून येतो. तो जेथे लागतो, ती जागा म्हणजे आतापर्यंत सुरक्षितपणे पाहत बसलेल्याची जागा. टेकडी हे या चित्रपटात भूरूप राहिलेले नाही. प्रेक्षागृहातील खुर्ची हीच ती टेकडी आहे. तंजावरच्या दरबारात ज्या आसनावरून कुरत्तीचा भूगोल ऐकला गेला आणि ब्रिटिश चित्रपटात ज्या उंचवट्यावरून शहर सुंदर दिसले, त्या जागेची जाणीव पाहणाऱ्यालाच करून देणे, हे या दगडाचे कार्य आहे.

७

या तुलनेतून ब्रिटिश सामाजिक वास्तववाद, कुरवंजी आणि 'फँड्री' अशी प्रगतीची सरळ चढण मांडण्याचा मोह टाळला पाहिजे. कुरवंजीला आज वास्तववादाचा अपयशी पूर्वज मानणे जितके चूक, तितकेच तिला भटक्या स्त्रीच्या मुक्तीचे काव्य मानणे चूक. तिने एक संकेत निर्माण केला, ज्यात मुलूख पाहण्याचा आणि सांगण्याचा अधिकार महालाबाहेरच्या स्त्रीकडे होता. राजाश्रयाने तो संकेत वापरला, वाढविला आणि शेवटी आपल्या ज्ञानाने भरून टाकला. ब्रिटिश चित्रपटाने तळच्या माणसाची बोली, घर आणि कारखाना पडद्यावर आणला, पण पाहण्याची उंची बराच काळ स्वतःकडे ठेवली. दोन्ही ठिकाणी प्राप्ती आणि मर्यादा एकाच संकेतात आहेत; त्या वेगळ्या करून एकीचे गुणगान आणि दुसरीचा निषेध करता येत नाही.

मराठी समीक्षेच्या दृष्टीने याचा एक व्यावहारिक अर्थ आहे. तंजावरच्या संहितांकडे केवळ पहिलेपणाच्या दाव्यासाठी जाणे आता थांबावे. शहाजीराजांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात पात्रे निरनिराळ्या भाषा बोलतात, तेथे कोणाला कोणती भाषा आणि कोणते ज्ञान मिळते. 'देवेंद्र कुरवंजी'त भूगोल सांगणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे असे काय उरते. दरबाराने तळच्या माणसाला जागा देताना कोणती अट घातली, हे प्रश्न घेऊन त्या संहिता वाचल्या गेल्या, तर त्या मराठी नाटकाच्या प्रागितिहासातील नोंदी न राहता वास्तववादाच्या चर्चेत पुरावा म्हणून उभ्या राहतील. त्याचप्रमाणे सामाजिक वास्तववादी म्हणवणाऱ्या आजच्या मराठी चित्रपटांची परीक्षाही चित्रीकरण प्रत्यक्ष स्थळी झाले की नाही, बोली अस्सल आहे की नाही, एवढ्यावर थांबणार नाही. पडद्यावरच्या माणसाला काय ठाऊक आहे, ते सांगण्याची संधी त्याला मिळते का, आणि पाहणारा कोठे बसला आहे, हे त्या परीक्षेत विचारले जाईल. सरस्वती महालातील संहिता उपलब्ध आहेत. त्यांना हे प्रश्न विचारणारे वाचक हवे आहेत.